खास सवलत, फक्त आजच

"त्या खुर्चीवर बसू नका," मी म्हणाले, पण तोवर तो बसला होता.

ग्राहक तक्रार मंचाच्या बाहेरच्या खोलीत त्या सकाळी दोनच जागा रिकाम्या होत्या. एक माझ्या शेजारची, आणि एक समोरची, जिच्या कापडातून स्प्रिंग डोकं वर काढून बसली होती. खुर्च्यांना कापड चढवणं हा माझा धंदा. त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी खुर्च्यांकडे जाते, मग माणसांकडे. हा माणूस ज्या घाईने बसला त्याच घाईने उठला, आणि टर्रकन आवाज झाला. त्याचा राखाडी कोट पाठीमागे चांगला वीतभर फाटला.

"फार दिसतंय का?" मान मागे वळवत त्याने विचारलं.

"रस्त्यावरून दिसत नसेल."

तो हसला, पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेलाच राहिला. आज नेमकी आत जाऊन साक्ष द्यायची आहे, तो म्हणाला, आणि कोट मेव्हण्याचा आहे. मला काय वाटलं कोण जाणे… मी पर्समधून वाकडी सुई काढली. ती कायम माझ्याजवळ असते. दोरा मात्र हिरवाच होता, गाद्यांचा, जाडजूड.

"काढा तो कोट," मी म्हणाले.

मी शिवत होते आणि तो माझ्या बोटांकडे बघत होता. खिडकीच्या काचेवर बारीक पाऊस वाजत होता. तुम्ही सगळ्यांचे कोट शिवता का, त्याने विचारलं. मी म्हटलं, जे माझं ऐकत नाहीत फक्त त्यांचेच.

"मग वरचेवर न ऐकायला हवं," तो अगदी हळू म्हणाला. मी दोरा दाताने तोडायच्या निमित्ताने मान खाली घातली. कान गरम झाले होते, आणि ते त्याला दिसू नयेत असं मला फार वाटत होतं.

इतक्यात शिपायाने दार उघडून पुकारा केला, "कानाच्या मशीनचं प्रकरण." मी उठले. तोही उठला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, आणि दोघांनाही एकदमच कळलं. ज्या ऑनलाइन दुकानाविरुद्ध मी तक्रार केली होती, त्याच दुकानाचा तो माणूस होता. शत्रूचा कोट मी माझ्या हातांनी शिवून दिला होता.

तक्रार माझ्या बाबांसाठी होती. बाबा सुतार. सगळा जन्म करवतीच्या मशीनशेजारी गेला आणि त्या मशीनने त्यांचे दोन्ही कान हळूहळू खाल्ले. पूर्वी खुर्ची जोडून झाली की ते तिच्या पायावर बोटाने टकटक करायचे आणि नुसत्या आवाजावरून सांधा पक्का की सैल ते सांगायचे. आता ते टकटक करतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जेवताना मी काहीही बोलले तरी ते मान डोलावतात. एकदा मी मुद्दाम म्हटलं, बाबा, मी उद्या घर सोडून चालले. त्यांनी मान डोलावली आणि मीठ मागितलं. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

त्यात मध्यंतरी करवत लाकडात अडकली. तिचा आवाज बदलला तो त्यांना ऐकूच आला नाही, अंगठा थोडक्यात वाचला. कान नाहीत तर करवत बंद, आणि करवत बंद झाली तर बाबा अंथरूण धरतील, हे मला लख्ख दिसत होतं.

चांगल्या कानाच्या मशीनची जोडी आमच्या आवाक्याबाहेरची होती. मग एके दिवशी त्या ऑनलाइन दुकानात तीच जोडी पाव किमतीला दिसली. वर लाल पट्टी होती: 'खास सवलत, फक्त आजच.' मी लगेच पैसे भरले. ऑर्डर स्वीकारल्याचा मेसेज आला, पार्सल निघाल्याचाही आला. मी बाबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, 'मशीन येतंय.' त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. आणि मग तिसराच मेसेज आला. किंमत चुकून पडली होती, ऑर्डर रद्द, पैसे परत पाठवले आहेत, क्षमस्व. बाबांना हे कसं सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मी सांगितलंच नाही. तक्रार ठोकली.

आत अध्यक्षबाईंसमोर दुकानाच्या वकिलांनी तोफ डागली. चूक उघड होती, कुठल्याही शहाण्या माणसाच्या लक्षात आली असती, या बाईंनी आमच्या चुकीवर डल्ला मारायचा प्रयत्न केला. लाल पट्टीबाबत तर त्यांनी साफ कानांवर हात ठेवले. तसा फोटो आहे का तक्रारदाराकडे? नव्हता. पैसे भरायच्या घाईत फोटो काढायचं कुणाला सुचतं?

"चूक आहे असं तुम्हाला वाटलं नाही?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"पट्टी नसती तर वाटलं असतं," मी म्हणाले. "पट्टी होती."

मग त्यांनी त्याला उभं केलं. किंमत त्यानेच भरली होती. चूक कशी झाली ते त्याने काही न लपवता सांगितलं. संगणकावरच्या तक्त्यात जुन्या मॉडेलची किंमत एका चौकोनात भरायची आणि तो चौकोन माउसने खाली ओढायचा, की खालच्या ओळींत तीच किंमत उतरते. त्या दिवशी त्याने एक ओळ जास्त ओढली, आणि ती ओळ नेमकी या जोडीची होती.

"आणि पट्टी?" बाईंनी विचारलं.

वकील खाकरले. त्याचा हात पाठीमागे गेला आणि त्या हिरव्या शिवणीवर थांबला.

"पट्टी होती, बाई. किंमत आधीपेक्षा कमी झाली की आमची यंत्रणा ती आपोआप लावते. यांनी जे बघितलं ते खरं आहे. ही चूक आहे हे कळायला त्यांच्याकडे काही मार्गच नव्हता."

वकिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. निकालासाठी पुढची तारीख पडली.

बाहेर पायऱ्यांवर पाऊस थांबायची वाट बघत आम्ही दोघं उभे राहिलो, मध्ये हातभर अंतर ठेवून. शेवटी मीच विचारलं, "कोट शिवून दिला म्हणून बोललात का?"

"नाही. शिवला नसतात तरी बोललो असतो," तो म्हणाला. "फक्त… फाटक्या कोटात बोललो असतो."

एवढं बोलून तो भर पावसात निघून गेला, आणि ती हिरवी शिवण मी वळणापर्यंत बघत राहिले.

काही दिवसांनी तक्रारीवरचा पत्ता शोधत तो आमच्या वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. हातात तोच कोट. मेव्हण्याने हिरवी शिवण बघून कोट परत घ्यायला नकार दिला होता. आता हा माझ्याच गळ्यात पडलाय, तो म्हणाला, तर याचा खिसाही जरा बघाल का? खिसा धडधाकट होता. मी उलटसुलट करून बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, वेळ लागेल, बसा. नोकरी गेल्याचं त्याने बोलता बोलता सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं.

"मी तक्रार मागे घेते," मी म्हणाले. "आजच घेते."

"मग माझं बोलणं फुकट जाईल," तो म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता. "चूक माझी होती. तिची किंमत मी मोजतो, माझी तक्रार नाही. पण दुकानाने सवलत म्हणून ओरडून सांगायचं, पैसे घ्यायचे, पार्सल निघालं म्हणायचं, आणि मग गिऱ्हाइकालाच चोर ठरवायचं… तुम्ही त्यात गप्प बसू नका. माझ्यासाठी तर मुळीच नको."

मी गप्प बसले नाही. पण त्या दिवसापासून माझं मन ठिकाणावर राहिलं नाही हेही खरं. त्याच्या बोलण्यात एक प्रकारचा सरळपणा होता, आणि मी त्याच्यावर भाळले होते. सरळ सांगायचं तर प्रेमातच पडले होते.

तो येत राहिला. दुसरी नोकरी शोधायचा आणि उरलेला वेळ आमच्याकडे काढायचा. त्याने बाबांसाठी एक युक्ती काढली. बाबांनी करवत चालवायची आणि याने समोर उभं राहून कान द्यायचा. आवाज जड झाला की हात वर, बाबांनी लगेच मशीन बंद करायचं. बाबांचं काम पुन्हा सुरू झालं. बाबा मान वर करून त्याच्या हाताकडे बघायचे, आणि मीही शिवता शिवता तिकडेच बघायचे, पण वेगळ्या कारणाने.

बाबांना ऐकू येत नसल्यामुळे आम्ही त्यांच्यासमोर काहीही बोलायचो.

"तुमच्या बाबांना मी आवडतो का हो?"

"ते सगळ्यालाच मान डोलावतात."

मग तो बाबांकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला की तुमची मुलगी भारी भांडकुदळ आहे. बाबांनी मान डोलावली. "बघा, सर्वानुमते मंजूर," तो म्हणाला. मी त्याच्या अंगावर कापडाचा तुकडा फेकला. तो त्याने खाली पडू दिला नाही… नंतर परतही दिला नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं की प्रत्येक चूक दुकानाच्या माथी मारता येणार नाही. किंमत हास्यास्पद असती, किंवा पैसे घेण्याआधी दुकानाने कळवलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. पण इथे दुकानानेच सवलत म्हणून सांगितलं आणि ग्राहकाने चांगल्या मनाने विश्वास ठेवला. मशीन त्याच किमतीत द्यावं.

मशीन आलं. सकाळी तंत्रज्ञाने येऊन ते बाबांच्या कानांत बसवलं आणि मला बोलायला सांगितलं. इतकी वर्षं बोलायचं साठून राहिलेलं, आणि तोंडातून निघालं एवढंच.

"बाबा… ऐकू येतंय?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"तुझा आवाज आईसारखा झालाय गं," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता हा नको.

तंत्रज्ञ सांगून गेला होता की सुरुवातीला थोडा थोडा वेळच वापरा, डोकं दुखेल. म्हणून दुपारी बाबांनी मशीन काढून डबीत ठेवलं. डबी टेबलावर, झाकण बंद. मी पुढच्या खोलीत जाऊन एका गादीची शिवण संपवली आणि परत आले, तेव्हा बाबा पाठमोरे बसून नव्या खुर्चीला पॉलिश करत होते. आणि दारात तो उभा होता, तोच कोट घालून.

त्याला नोकरी मिळाली होती. दुसऱ्या गावात, इथून बसने अर्धा दिवस. सोमवारी हजर व्हायचं होतं. अभिनंदन, मी म्हणाले. ते इतकं कोरडं निघालं की माझं मलाच कसंतरी वाटलं.

"तसंही आता इथे माझं काम राहिलं नाही," तो बाबांच्या पाठीकडे बघत म्हणाला. "हात वर करणारा माणूस लागणार नाही त्यांना."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या मशीनसाठी मी जिवाचं रान केलं, त्यानेच याचं इथे येण्याचं निमित्त संपवलं होतं.

"मी काही तेवढ्यासाठी येत नव्हतो," तो म्हणाला. "खिशासाठीही नाही. तो खिसा फाटलेला नव्हता."

"माहीत आहे मला."

"मी तुमच्यासाठी यायचो. त्या दिवशी तुम्ही दाताने दोरा तोडलात ना… तेव्हापासून मी तुमचाच आहे. जाण्याआधी सांगायचं होतं, सांगितलं."

"मग जाताय कशाला?" माझा आवाज चिरकला.

"कुणी थांब म्हटलं नाही म्हणून."

सगळ्या जगाशी भांडणारी मी, आणि एवढा एक शब्द मला म्हणता येईना. मग त्याने मान हलवली आणि दाराकडे वळला.

"थांब म्हण की त्याला," बाबा म्हणाले.

त्यांनी मागे वळूनही बघितलं नव्हतं. पॉलिशचा हात चालूच होता. मी टेबलावरची डबी उचलून उघडली. ती रिकामी होती.

"तुझ्या आईने मला दोनदा म्हटलं होतं," बाबा पुढे म्हणाले. "कान तेव्हा धड होते, तरी पहिल्यांदा मी ऐकलं नव्हतं. याला एकदा तरी म्हण."

लाजेने मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच्याही कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"थांब," मी म्हणाले. पहिल्यांदाच मी त्याला एकेरी हाक मारली. "म्हणजे नोकरीवर जा. पण… माझ्याकडे परत ये."

"दर सुट्टीला येईन," तो म्हणाला. "मला थांबवण्याची ही सवलत फक्त आजची नाही ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मला हसू आलं. बाबांनी पॉलिशचं फडकं बाजूला ठेवलं. नव्या खुर्चीच्या पायावर त्यांनी बोटाने टकटक केलं, डोकं तिरपं करून ऐकलं, मग दुसऱ्या पायावर, मग उरलेल्या दोन्हींवर. या वेळी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यांनी ती खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "सांधा पक्का आहे. आत्ता माझ्या कानांनी ऐकलाय."