चौऱ्याहत्तर दिवसांची नोंद

मिरजेच्या प्रयोगशाळेतला बीजलेखवाचक घरघरत थांबला आणि डॉ. सुनेत्रा गद्रेचा जीव टांगणीला लागला. यंत्र तिनेच घडवलेलं, पण आजचा शुक्रपेशींचा नमुना तिच्या नवऱ्याचा, मुकुंदचा होता. तीन महिन्यांनी तिला पंचेचाळीस पूर्ण होणार होती आणि त्यानंतर गर्भरोपण करायचं नाही, असा दवाखान्याचा नियम होता.

सहा वर्षांत मुकुंदने काय सोडलं नव्हतं! तंबाखू, चहा, जागरण, कढत पाण्याची आंघोळ, मांडीवरचा लॅपटॉप. सुनेत्रा रोज सकाळी यादी घेऊन त्याची उलटतपासणी घ्यायची. बिचाऱ्याने कधी हूं की चूं केलं नाही.

"पेशीवरून सवयी कशा कळतात, मॅडम?" नुकत्याच रुजू झालेल्या डॉ. अन्वर तांबोळीने विचारलं.

"शुक्रपेशी घडायला चौऱ्याहत्तर दिवस लागतात. त्या काळात माणूस जसा जगतो, तशा खुणा तिच्यावर उमटतात. झोप, धूर, उष्णता, धास्ती, सगळं. यंत्र ते दिवसवार लावतं."

पडद्यावर सुरुवातीचे दिवस उमटले: तंबाखू शून्य, चहा शून्य. तरी पेशी मरतुकड्या. धास्तीची रेघ मात्र रोज वर चढलेली.

"थांबा, थांबा!" अन्वरने बोट ठेवलं. "हे मधले अकरा दिवस बघा. चहा आहे, जागरण आहे, एकदा तंबाखूसुद्धा! पण धास्ती नावालाही नाही. आणि तेवढ्याच दिवसांत पेशींची घडण ठणठणीत. तेव्हा साहेबांनी काय केलं ते विचारा, आणि पुढचे चौऱ्याहत्तर दिवस तेच करायला लावा. अजून वेळ आहे, मॅडम."

सुनेत्राने तारखा वाचल्या. विचारायची गरजच नव्हती. ते अकरा दिवस ती परिषदेसाठी बंगळुरूला होती.

ज्या लेकरासाठी तिने नवऱ्याचा घास न् घास मोजला, त्याच्या वाटेत तीच आडवी बसली होती. तिला रडू आवरेना. तोंड धुऊन ती बाहेर आली.

बाकावर निकालाची वाट बघत बसलेला मुकुंद ताडकन उभा राहिला.

"याही वेळी नाही ना? सांग, सुनेत्रा. आता आणखी काय सोडू?"

"मला," ती म्हणाली. "अडीच महिने. मी ताईकडे राहायला जाते."

त्याचे आखडलेले खांदे अलगद सैल पडले, आणि ते तिला दिसलं.