वाचक क्रमांक सतरा

हा अभिप्राय लांबणार आहे. वाचनालयाच्या कागदावर तो मावायचा नाही, म्हणून वहीत लिहितोय. मांडव्याच्या जेट्टीवर, तिकीटखिडकीसमोरच्या बाकावर बसलोय. दुपारचे चार वाजलेत. माझी मुलगी भाविका मुंबईत नोकरीला आहे, रोज बोटीने जाते-येते. तिची बोट पावणेसातला लागते. तोवर लिहून होईल.

आधी माझी ओळख. मी वाचक क्रमांक एकेचाळीस. पोस्टातून निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी थ्रिलरशिवाय दुसरं काही वाचलेलं नाही. आमच्या गावच्या वाचनालयात एक पद्धत आहे. लोक पुस्तकांच्या कोऱ्या जागेत वाट्टेल ते खरडतात म्हणून वेणूबाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, प्रत्येक नव्या पुस्तकाच्या शेवटी वहीचा एक रेघी कागद एका कडेने चिकटवतात. काय लिहायचं ते त्यावर लिहा, दोन्ही बाजू तुमच्याच.

माझे अभिप्राय गावात प्रसिद्ध आहेत, चांगल्या अर्थाने नाही. गेल्या दिवाळीपासूनचीच पुस्तकं घ्या. एकात जुळ्या बहिणी होत्या. दुसरी बहीण आहे हे लेखकाने दोनशे पानं लपवलं आणि मला बाराव्या पानावर कळलं, कारण एकट्या बाईच्या न्हाणीघरात टूथब्रश दोन होते. एकात डोंगरातलं हॉटेल, धुकं आणि सात पाहुणे. त्यातला एक शहाणा धमकीची चिठ्ठी अर्धवट वाचून जाळून टाकतो. मी लिहिलं, 'हा माणूस दीडशे पानं जगलाच कसा? चिठ्ठी आधी नीट वाचावी. वागणं पटलं नाही.' हे शेवटचं वाक्य माझं ठरलेलं. वेणूबाई म्हणायच्या, त्याचा शिक्काच करून घ्या.

माझ्या तोडीचा वाचक गावात एकच होता, अलीमियाँ. वाचक क्रमांक सतरा. बावीस वर्षं कुवेतला काढून परत आला तो एक जुनी स्कूटर आणि थ्रिलरचं वेड घेऊन. आमची पैज असायची की खुनी कोण ते कितव्या पानावर कळलं. रस्त्यात भेटला की सलाम-नमस्कार राहिला बाजूला, आधी विचारायचा, "पोस्टमास्तर, पान कितीला?" त्याचं अक्षर लांबून ओळखू यायचं. शिरोरेघ द्यायचाच नाही. तोंडात कायम लवंग, त्यामुळे त्याच्याकडून आलेल्या पुस्तकाला लवंगेचा वास. आणि लिहायचा पाल्हाळ. कागदाची पुढची बाजू संपली की शाळेच्या प्रश्नपत्रिकेसारखं कोपऱ्यात 'कृ. पृ. उ.' असं टाकायचा, म्हणजे कृपया पृष्ठ उलटा. खरी गंमत मागे असायची. पुढे नुसतं पान कितीला कळलं ते, आणि माणसं कुठे चुकली, कशी वाचू शकली असती, ते सगळं मागे.

मागच्या मार्चमध्ये अलीमियाँ गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि तासाभरात संपलं. मी कब्रस्तानापर्यंत गेलो होतो. भाविका त्याच्या घरी जाऊन खूप रडली. लहानपणी ती त्याच्या स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जायची. घरी आल्यावर मी एक पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच मला खुनी कोण याच्याशी काही घेणंदेणं वाटलं नाही.

नोव्हेंबरात वाचनालयात नवी पुस्तकं आली. गठ्ठ्याची सुतळी मीच कापली, कारण पार्सल सोडणं हे माझं काम असं वेणूबाईंनी ठरवून टाकलंय. त्यांनी माझ्यासमोर खळ लावली, माझ्यासमोर कोरे कागद चिकटवले. वरचं पुस्तक मी घेतलं आणि घरी आलो. दिल्लीतल्या बँक दरोड्याची गोष्ट होती. जेवून दुपारी खाटेवर पडलो, सवयीने शेवटचा कागद पाहिला, तर तो कोरा नव्हता.

'वा. क्र. १७. पान ८८ ला कळलं. नाखवा जुन्या दोरीने जाळं ओढतो तिथेच. कृ. पृ. उ.'

शिरोरेघ नव्हती. कागद नाकाशी नेला. लवंग.

पान उलटलं. मागे लिहिलं होतं, 'नवी दोरी होडीतच पडलेली, प्लास्टिकमध्ये. कुणी नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं.'

मी पुस्तकाचं पान अठ्ठ्याऐंशी काढलं. दोन पोलीस बँकेबाहेर चहा पीत होते. अख्ख्या पुस्तकात ना होडी, ना नाखवा, ना समुद्र.

तसाच उठून वाचनालयात गेलो आणि वेणूबाईंवर चिडलो. मेलेल्या माणसाची चेष्टा करायची नसते, असंही म्हणालो. त्या घाबरल्या नाहीत, उलट वाईट वाटून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी रजिस्टर काढून सतराव्या नावावरची लाल रेघ दाखवली. "ही मीच मारलीय," त्या म्हणाल्या. "गेलेला मानूस पुस्तक न्यायला येतो व्हय?" मग हळूच म्हणाल्या की, तुम्हाला त्याची आठवण फार येते, तुम्हीच लिहिलं नसेल ना? मी रजिस्टर मिटलं. घरी आलो.

तिसऱ्या दिवशी चंदर नाखवाची होडी त्याच्याशिवाय परत आली. जाळं ओढताना दोरी तुटली, सपकन मागे आली आणि चंदरला घेऊन गेली. दोन दिवसांनी तो सापडला. बंदरावर लोक हळहळत होते, नवी दोरी आणून ठेवली होती बिचाऱ्याने, होडीतच होती, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

चंदरचं घर माझ्या घरापासून चार घरं सोडून आहे. त्या तीन दिवसांत तो मला दोनदा दिसला होता. एकदा तर आम्ही टपरीवर शेजारी उभे राहून भज्यांबद्दल बोललो. मी सांगू शकलो असतो. हसला असता, पण सांगू शकलो असतो.

महिनाभर मी वाचनालयाची पायरी चढलो नाही. सुचिता, माझी बायको, खूश झाली. डोळ्यांना तेवढाच आराम, म्हणाली.

परवा शनिवारी भाविका परतताना वाचनालयावरून आली. वेणूबाईंनी तिला हाक मारून पुस्तक दिलं होतं, वडलांना दे, बरेच दिवस आले नाहीत म्हणून. ते तिच्या हिरव्या पिशवीत होतं, डबा आणि छत्रीच्या मध्ये. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. मी उघडलं नाही. रात्रभर ते कपाटावर होतं. काल रविवारी दुपारी मायलेकी मासळी आणायला बाहेर पडल्या आणि मी एकटा पडलो. उघडलं नाही तर राहवत नाही, आणि उघडलं तर वाचावं लागतं. शेवटी खिडकीपाशी उभा राहून शेवटचा कागद काढला.

'वा. क्र. १७. पान ६१ ला कळलं. हिरव्या पिशवीची मुलगी सोमवारी घरून निघते तिथेच. संध्याकाळच्या बोटीची सगळी माणसं उतरतात, ती उतरत नाही. बाकी पुस्तक ठीक. पण बापाचं वागणं पटलं नाही.'

माझं वाक्य. त्याने माझंच वाक्य माझ्यावर टाकलं होतं.

मी काय विचार केला ते मला नीट सांगता येत नाही. हा कागद घरात राहता कामा नये, भाविकाच्या नजरेला पडता कामा नये, हा नसला की त्यात लिहिलेलंही नसेल, असलं काहीतरी डोक्यात होतं. एका ओढीत कागद फाडला. मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल अजून धुमसत होती, तिच्यात टाकला. तो लगेच पेटला नाही. आधी वळला, तपकिरी झाला, आणि ज्या कोपऱ्यावर वाचताना माझा अंगठा होता तो कोपरा वर आला. त्यावर तीन अक्षरं होती.

कृ. पृ. उ.

मी हात घातला. बोटं भाजली, ती अजून दुखतायत, लेखणी नीट धरवत नाही. हाताला काळी पापडी आली आणि तिचा चुरा झाला. मागे चांगल्या सहा-सात ओळी होत्या, एवढं मला दिसलं. एक शब्दही वाचता आला नाही. अंगणभर लवंगेचा वास सुटला होता. अलीमियाँची कितीतरी पानं मी उलटली असतील. हे एक उलटलं नाही.

संध्याकाळी भाविकाला सांगितलं. सगळं सांगितलं, चंदरसकट. तिने ऐकून घेतलं, हसली नाही. फक्त म्हणाली, "अलीचाचांनी माझ्याबद्दल लिहिलंय? दाखवा ना." दाखवायला माझ्याकडे राख होती. तिने माझ्या बोटांना मलम लावलं आणि म्हणाली, "बाबा, आता थोडे दिवस दुसरं काहीतरी वाचा." सुचिता आत जाऊन डॉक्टरांचा नंबर शोधत होती.

आज सकाळी मी हिरवी पिशवी माळ्यावर लपवली. सुचितानेच ती शोधून काढली, कारण डबा त्याच पिशवीत नीट उभा राहतो. भाविकाला उद्या जा म्हटलं, तर आज ऑफिसात हजर राहावंच लागेल म्हणाली. मी बरोबर येतो म्हटलं, तर दिवसभर ऑफिसच्या जिन्यात बसणार का, असं विचारलं. मी दारात आडवा उभा राहू शकलो असतो. पण 'बापाचं वागणं पटलं नाही' म्हणजे नेमकं कोणतं वागणं? अडवणं की जाऊ देणं? अडवलं म्हणून ती रागाने दुसऱ्या वाटेने जाते आणि तिथे काही होतं, असंही पुस्तकात असतं. मी अशी दहा पुस्तकं वाचलीत. आठच्या बोटीवर ती चढली, वळून हात केला, आणि मी हा असा बाकावर बसलो तो बसलोच आहे. दोनदा वाटलं, पुढच्या बोटीने मागोमाग जावं. मग वाटलं, संध्याकाळी इथे नसणं हीच माझी चूक असेल तर? दर तासाला तिला फोन करतोय. एक वाजता ती जेवत होती. तीन वाजता म्हणाली, बाबा, मीटिंगमध्ये आहे, निघाले की कळवते.

साडेपाचला तिचा मेसेज आला. निघाले. मी विचारलं, कोणती बोट? त्याला अजून उत्तर नाही.

सहा वाजले. पाणी शांत आहे. चणेवाल्याने दोनदा विचारलं, कोणाची वाट बघताय. मुलीची, म्हणालो. त्याने न मागता एक पुडी हातात दिली.

पावणेसात. बोट लागली.

हे खालचं मी जरा वेळाने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर माफ करा.

माणसं उतरली. मी उतरायच्या फळीजवळ उभा राहून एकेक चेहरा पाहिला. ऑफिसवाले, दोन परदेशी पोरं, एक बाई झोपलेलं बाळ घेऊन. शेवटी खलाशी उतरला आणि त्याने साखळी लावली. मी त्याला विचारलं, आत कोणी राहिलंय का? तो पुन्हा आत गेला, दोन्ही बाजूंच्या बाकांखाली वाकून बघून आला. कोणी नव्हतं. हिरवी पिशवी आहे का, विचारलं. तीही नव्हती.

घरी फोन लावला. सुचिता म्हणाली, नाही आली अजून, तुमच्याबरोबर नाही का ती?

तेवढ्यात भाविकाचाच फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव पाहून मी तिथेच फळीवर बसलो. तिचा आवाज नेहमीसारखा होता, थोडा वाऱ्यात उडाल्यासारखा, गाडीवर मागे बसून बोलावं तसा.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"जेट्टीवर. तू कुठे आहेस?"

"काळजी करू नका... मी एकटी नाही. अलीचाचा न्यायला आलेत."

तिकडे स्कूटरचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी बोलली, मग पुन्हा फोनवर आली.

"ते विचारतायत, तुम्ही मागचं वाचलंत का?"

मी खोटं बोलायला हवं होतं का, ते मला माहीत नाही. कदाचित तेच लिहिलं असेल मागे, की विचारलं तर हो म्हण. मी खरं ते सांगितलं.

"नाही... वाचलं नाही."

तिने ते पलीकडे सांगितलं.

"बरं, मग राहू दे, म्हणतायत," भाविका म्हणाली.