शेवटच्या दाराची कडी

हे माझ्यासमोर घडलंय. कोणाला पटो न पटो.

रात्र नव्हती. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, गुरुवार, दुपारचे सव्वादोन.

मी कस्तुरी. कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. भावाची मुलगी प्राची तेव्हा सात वर्षांची, दुसरीत होती. बोलताना खूप अडखळायची. स्वतःच्या नावावरच अडकायची.

चौथीतल्या तीन मुली तिला मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये कोंडायच्या. बाहेरून कडी लावायच्या.

"नाव नीट सांग, मग सोडतो."

ती सांगू शकायची नाही. त्या हसत राहायच्या.

मी दोनदा शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "लहान आहेत, चालायचंच."

त्या गुरुवारी प्राची दप्तर घेईना.

मी म्हटलं, "मधल्या सुट्टीत मी येते. दाराशीच थांबते. मग तर झालं?"

तेवढ्यावर ती गेली.

नेमका त्याच दिवशी माल भरायचा होता. सुपरवायझर सोडेना. मी पोहोचले तेव्हा सुट्टी संपली होती.

वर्गात प्राची नव्हती.

मी शाळेच्या मागे पळाले. मुलींच्या बाथरूमची चार दारं. तीन उघडी.

शेवटच्याला बाहेरून कडी...

आतून आवाज आला.

"आत्या, कडी काढ."

आवाज प्राचीचाच होता.

पण...

एकदाही अडखळली नव्हती.

"माझं नाव प्राची गोमटेश मगदूम. आता काढ ना."

माझ्या अंगावर काटा आला. तरी मी कडी काढली.

आत कोणीच नव्हतं.

फरशी कोरडी होती. खिडकीही नव्हती.

"आवं ताई, तिथं काय बघताय?"

मागे शाळेच्या शिपाई, सुलाबाई उभ्या होत्या. त्यांनी प्राचीचा हात धरला होता.

"पोरीला मी मगाशीच काढली. कडी परत कुणी लावली काय म्हाईत. पर ही बोलंना झालीया बगा."

प्राची माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. राग नव्हता. काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून ती बोलली नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी घसा तपासला. काही दोष नाही म्हणाले. भावाने शाळा बदलली. तिथली मुलं तिला मुकी म्हणतात. मारतातही. ती रडत नाही.

दिवाळीनंतर सुलाबाईंचा फोन आला.

"ताई, ते शेवटचं दार आता बंदच ठेवत्यात. आतनं हाक येती. तुमालाच बोलवती... एकदा येऊन जावा."

रविवारी मी प्राचीला घेऊन गेले. वेडी आशा होती. वाटलं, तिचं जे आत राहिलंय ते तिला परत मिळेल.

शाळा रिकामी होती. सुलाबाई लांबच थांबल्या.

आम्ही दाराशी उभ्या राहिलो.

मी दाराला कान लावला.

मग आतून कोणीतरी नाक ओढलं. रडून झाल्यावर लहान मूल ओढतं तसं.

"आत्या, उशीर का केलास?"

मी दारावर हात ठेवला.

"मी किती वेळ उभी आहे. अंधार आहे गं इथे. मला घरी ने."

मी रडतच कडीला हात घातला. ती अर्धी सरकली...

आणि माझ्या हातावर एक छोटा हात आला.

गार पडलेला.

प्राची टाचा उंच करून उभी होती. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. कडी परत घट्ट बसवली.

आत ते मूल हुंदके देत राहिलं.

प्राचीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि फाटकाकडे चालू लागली. मीही तिच्यामागे गेले.

का गेले, माहीत नाही.

घरी मी कोणाला काही सांगितलं नाही. भाऊ अजून दर महिन्याला तिला डॉक्टरकडे नेतो. आज ना उद्या ती बोलेल, म्हणतो.

मी हो म्हणते.

पण ती जेवताना समोर बसते, ओठ जरा हलवते... तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवते.

प्राचीचा आवाज तर त्या दाराआड राहिलाय, मग हिच्या तोंडून कोणाचा येईल? मनात एकच येतं. हिने बोलू नये.