टीव्हीवरची दह्याची वाटी

"सरकारनं फाइल बंद केली, कुमुद. आणि तू अजून ती वाटी मांडून बसतेस," विष्णूकाका तणतणत होते.

"फाइल त्यांची होती. दही माझं आहे," काकू म्हणाली.

मी टीव्ही उघडायचा पेचकस घेऊन दारातच उभा. लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर हे दोघं राहतात. शाळा सोडल्यापासून मी सरोजिनी नगर मार्केटमध्ये टीव्हीच्या दुकानात काम करतो, म्हणून ब्लॉकमध्ये कुणाचं चित्र बिघडलं की मलाच हाक.

भांडण जुनंच होतं. त्यांचा श्रीरंग एअरफोर्समध्ये पायलट. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला, लग्नावरून काकांशी वाजलं आणि रागारागात बॅग उचलून निघाला. काकू दही घेऊन जिन्यापर्यंत धावली. त्यानं हात पुढं केला नाही. चौथ्या दिवशी पूर्वेकडच्या डोंगरांवर त्याचं विमान गायब झालं. काही म्हणजे काही सापडलं नाही. तेव्हापासून काकू रोज ताज्या दह्याची वाटी टीव्हीवर ठेवते, त्याच्या फोटोसमोर. "निरोप न घेता गेलाय, मधेच अडकला असेल," म्हणते. मला असलं काही पटत नाही. बाकी कुणाला मी सोडलं नसतं, पण काकूला उलट बोलवत नाही यार.

त्या दिवशी तीन एप्रिल होता, चौऱ्याऐंशी साल. आपला एक माणूस दोन रशियनांबरोबर रॉकेटमधून वर फिरणाऱ्या स्टेशनवर जाणार होता आणि टीव्हीवर ते दाखवणार होते. नेमकी काकूच्या टीव्हीत प्रत्येक माणसाच्या उजवीकडं एक फिकट सावली पडत होती.

"भूतबित शिरलंय का रे?" काकांनी विचारलं.

"दुकानात घोस्टच म्हणतात. सिग्नल समोरच्या टाकीवर आपटून परत येतो, जरा उशिरा, म्हणून चित्र दोनदा दिसतं. अँटेना फिरवली की जातं."

गच्चीवर गेलो. पाइप उन्हानं तापला होता. मी फिरवत होतो, काका बाल्कनीतून ओरडत होते. "अजून थोडं. बस. बस. गेलं." मग जरा थांबून म्हणाले, "एक राहिलंय."

खाली आलो. पडद्यावर पांढऱ्या सुटातले तिघं रॉकेटच्या पायऱ्या चढत होते. कडा एकदम स्वच्छ. पण पायऱ्यांखाली उजवीकडं एक राखाडी आकृती उभी होती.

तिघांनी वळून हात हलवले. तिनं हलवला नाही.

हे चूक होतं. सावली माणूस करतो तेच करते, मागून. ही एकटीच उभी होती, डोक्यावर हेल्मेट नाही, उजवा हात जरासा पुढं केलेला.

मी बटणं फिरवली. मग मागची अँटेनाची वायरच काढली. रॉकेट गेलं, माणसं गेली, नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांमध्ये ती आकृती तशीच उभी.

"वायर लाव," काकू शांतपणे म्हणाली. "त्याचं रॉकेट चुकेल."

मी लावली.

काकू वाटी घेऊन पुढं झाली. चमच्यानं थोडं दही घेऊन तिनं काचेवर ठेवलं, बरोबर त्या तळहातावर.

दही ओघळलं नाही.

ते मधून पातळ होत गेलं, कुणी चाटावं तसं. मग काच कोरडी.

आकृतीनं हात पँटला मागं पुसला.

काकू हसली. "रुमाल कधी वापरायचा नाही."

काका खुर्चीतून उठले होते. "पोचलास की कळव," ते म्हणाले.

आकृती पायऱ्या चढून गेली. बराच वेळ नुसतं रॉकेट दिसत होतं, मग धूर, आग, आणि ते वर गेलं. काकूनं वाटी घासून पालथी घातली. त्यानंतर टीव्हीवर ती वाटी पुन्हा दिसली नाही.

मी दुसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडून सगळं बघितलं. बिल्कुल ठीक होतं.

या गोष्टीला आज तेरा दिवस झाले. सकाळी माझं आणि बाबांचं कडाक्याचं वाजलं. "शाळा सोडलीस, आता घर पण सोड," ते म्हणाले. "सोडतो," मी म्हणालो. आई तोवर ऑफिसला गेली होती. मुंबईचं तिकीट काढून आणलंय. हे तिच्यासाठी लिहून ठेवतोय.

बॅग भरून बूट घालत होतो तेव्हा समोरच्या बंद टीव्हीच्या काचेत मी दिसलो. माझे दोन्ही हात बुटाच्या नाडीत होते.

काचेतल्याचा उजवा हात पुढं केलेला होता.

जाळीच्या कपाटात दही आहे, मी बघून आलो. पण ते आपल्या हातानं घ्यायचं नसतं. आईची ऑफिसची चार्टर्ड बस सहाला येते, गाडी साडेपाचची आहे. मला आता निघायला हवं.