नववा भाग

“अहो, थांबा… तिथून शेवट सुरू होतो.”

चटका बसल्यासारखं तिने पुस्तक मिटलं. वाचनालयाचे काका आपला चष्मा खालच्या दुकानात विसरले होते, तो द्यायला ती जिना चढून आली होती, एवढंच. त्या चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. वर विज्ञानकथा, कॉमिक, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट, असलं काहीबाही मिळतं, हे तिने नुसतं ऐकलं होतं.

तिला अडवणारा पुढे आला. शर्टावर रोबोचं चित्र, म्हणून सगळे त्याला रोबोच म्हणत. ‘नवीन सापडलेलं’ या फळीवरच्या पुस्तकांची ओळख करून देणाऱ्या चिठ्ठ्या तो लिहायचा. जपानी कॉमिक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, हे त्याने इतकं मन लावून समजावलं, की तिला हसू आलं.

“तुम्ही डोळे बारीक करून बघता,” ती म्हणाली. “नंबर लागलाय.”

“मग तपासा की, डॉक्टरीणबाई.”

आपण डॉक्टर नाही, हे तिने परोपरीने सांगितलं. उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी स्वारी खुर्चीत हजर. तिने काच बदलली, समोरच्या फळ्यावरची ओळ दाखवली, आता स्पष्ट दिसतंय का विचारलं.

“हो… एकदम स्पष्ट.”

“मग वाचा ना.”

“फळा होय? तिकडे अजून बघितलं नाही.”

तिने काचांची पेटी आवरायच्या निमित्ताने मान खाली घातली. पुढे त्याला चष्म्याची चौकटही तिनेच निवडून दिली, गडद निळी.

मग दुकान बंद झालं की तिची पावलं आपोआप जिन्याकडे वळू लागली. तो तिच्यासाठी काही ना काही बाजूला काढून ठेवायचा. समुद्राखालचं शहर, भूतकाळात जाणारी ट्राम, आणि सगळ्यांत लाडका तो म्हातारा माळी-रोबो. शंभर वर्षं झोपलेल्या प्रवाशांच्या अवकाशयानात एकुलतं एक झाड जपणारा. त्याचे नऊ भाग होते. वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या अगदी शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली, वाचून झालं की पुढच्यासाठी एक ओळ लिहायची. शेवट मात्र फोडायचा नाही. दोघांनी त्या चिठ्ठ्यांचं पार बोलणंच करून टाकलं. तो लिहायचा, माळीबुवांनी आज तुमच्यासारखं नाक उडवलं. ती खाली लिहायची, चष्मा पुसा, ते नाक नाही, झारी आहे.

एकच गोष्ट तिने त्याला सांगितली नव्हती. ती कुठल्याही मालिकेचा शेवटचा भाग वाचत नसे. लहानपणी एका गोष्टीतला कुत्रा शेवटच्या पानावर मेला आणि ती तीन दिवस जेवली नाही. तेव्हापासून हा नेमच. ताई तिला चिडवायची, तुझ्या कपाटात सगळे अमर आहेत म्हणून.

नववा भाग आला, तेव्हा त्याने तो वाचनालयाच्या फळीवर ठेवला नाही. स्वतःची प्रत दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. कान लाल झाले होते.

“हा तुमच्याकडेच ठेवा. पण… शेवटपर्यंत वाचा हं.”

आठ दिवस पुस्तक तिच्या उशाशी होतं. रोज हातात घ्यायची, कव्हरावरून हात फिरवायची आणि ठेवून द्यायची. म्हाताऱ्या माळ्याचं काय होणार, हे तिला नको होतं.

नवव्या दिवशी त्याने जिन्यातच गाठलं. वाचलात का, विचारलं. इतक्या आशेने बघणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? वाचला, ती म्हणाली.

“मग… शेवट?”

“छान आहे. असाच व्हायला हवा होता.”

त्याने चष्मा काढला. काचा स्वच्छच होत्या, तरी बराच वेळ पुसत राहिला. “बरं,” म्हणाला.

पंधरा दिवसांत तो लांबच्या देशात अ‍ॅनिमेच्या स्टुडिओत नोकरीला गेला. निघताना खाली येऊन नंबराचा कागद तेवढा मागून नेला. तो एक शब्द बोलेल म्हणून ती दुकानाच्या दारात उभी राहिली होती… तो बोलला नाही. तिलाही राग आला. एवढ्या गप्पा, आणि जाताना ही तऱ्हा!

तीन वर्षांनी काका डोळे तपासायला आले, तेव्हा त्यांनी फोनवर फोटो दाखवला. रोबोचं लग्न झालं होतं. नवरी गोड होती. त्याच्या चष्म्याची चौकट मात्र अजून तीच, गडद निळी.

त्या संध्याकाळी तिने कपाटातून नववा भाग काढला. आता आणखी कुठला शेवट बिघडायचा राहिला होता?

माळी मेला नाही. प्रवासी जागे झाले, तेव्हा झाड फुललं होतं, आणि तो झारी घेऊन उभा होता. तिने उगाच धास्ती घेतली होती.

पान उलटलं. चिठ्ठी होती. त्याचं अक्षर.

“डॉक्टरीणबाई, मला लांबची नोकरी मिळतेय. तुम्ही थांब म्हणालात तर जाणार नाही. तोंडावर विचारायचा धीर नाही. फक्त एवढंच म्हणा, शेवट आवडला नाही… मी समजेन.”

खाली एक ओळ रिकामी ठेवली होती. तिच्यासाठी.

कितीतरी वेळ ती त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून बसली. स्वयंपाकघरातून ताईने डोकावलं, हातात पुस्तक बघून थक्कच झाली. “अगंबाई, शेवटचा भाग? कसा आहे शेवट?”

“आवडला नाही,” ती म्हणाली.

“मग दुसरं आण,” ताई म्हणाली, आणि आत वळली.