रिकाम्या काट्यावरचं वजन

सांगा भाऊ, भरोसा माणसावर ठेवावा की काट्यावर? मेडशीच्या रामकिसन भंगारवाल्याचा भरोसा काट्यावर. रोज दुकान उघडलं की आधी तो आपल्या हमालाला, शेषरावला, काट्यावर उभा करी. शेषराव पंचावन्न किलोचा. आकडा पंचावन्न आला की काटा खरा, मगच धंदा.

एकदा लिलावातल्या भंगारात शिशाचं जाड भांडं आलं. वर तीन पात्यांचं पिवळं चित्र. शिरपूरचा प्रसेनजित गेटसाठी पाइप घ्यायला आला होता. अणूंच्या प्रयोगशाळेत नोकरीला, सुट्टीवर आलेला. भांडं दिसताच तो मागं सरकला.

"काका, हे फोडू नका. आमच्या तिथं धातूच्या चकतीवर किरणांचा मारा करतात. त्यातून नवेच अणू उडतात, पापणी लवायच्या आत मरणारे. चुंबकानं वळवून त्याईची धार करतो, अन् मरायच्या आत वजन घेतो."

"मरणाऱ्याचं वजन? भलताच धंदा हाय बाबू तुमचा."

"अणू मरतात. चकती मातर जीवघेण्या किरणांनी पेटलेलीच राह्यते... ती अशा भांड्यात कोंडतात. मी साहेबाले कळवतो. तवर कोणाले हात लावू देऊ नका."

साहेब आले की शिसं हातचं जाणार. प्रसेनजितची मोटारसायकल वळली, तशी रामकिसननं हाक मारली, "शेषराव, छन्नी आण."

"मालक, हे चित्र कायचं?"

"पंख्याच्या कंपनीचं. फोड."

शेषरावनं चकती तळहातावर घेतली. "कोमट लागून राह्यली."

"उन्हात होती."

"शिशाच्या आत ऊन कसं गेलं, मालक..."

शिसं लगोलग विकलं गेलं. साहेबांनी चकती नेली. रामकिसन त्यांना म्हणाला, शेषरावनं चोरून फोडलं. शेषराव तिथंच उभा होता, हाताला फडकं गुंडाळून. दवाखान्यातून परतल्यावरही तो रोज सकाळी काट्यावर उभा राही. आकडा उतरत गेला. रामकिसन शिव्या घाली, त्या काट्याला.

शेषराव गेला. दुसऱ्या सकाळी रामकिसननं शटर उचललं, तर रिकाम्या काट्यावर पंचावन्न. आसपास जळक्या कातडीचा वास. त्यानं बटण दाबून शून्य केलं. रोज सकाळी पंचावन्न, रोज शून्य. अकोल्याच्या मेकॅनिकनं काटा उघडून पाहिला, बिघाड नाही.

मग एका सकाळी आकडा एकशे सत्तावीस. रामकिसन स्वतः बहात्तर किलोचा. तो हसला, काट्यावर चढला. आकडा हलला नाही. उतरला... तरी तेवढाच.

पोळ्याच्या आधी रामकिसन गेला. काटा मी माझ्या दुकानासाठी स्वस्तात उचलला. माल चांगला आहे. उद्यापासून दुकान तुमच्या हाती, भाऊ. एवढंच करा, सकाळी रिकाम्या काट्यावर जो आकडा दिसेल, तो खरा लिहून ठेवा. शून्य दाबू नका.