पाहुण्यांना कुळात घेण्याचा कार्यक्रम

"होरास! लुम्बान तापियान गावात तुमचं स्वागत. डावीकडे लाकडावर कोरणारे, उजवीकडे विणणाऱ्या बायका. फोटो हवे तेवढे काढा, कोरणाऱ्यांना हात लावू नका, ते चावतात. (इथे हसायचं.)"

हे निवेदन मी नऊ वर्षं करते आहे. साडेदहाची बोट धक्क्याला लागते. पाहुणे चढण चढून येईपर्यंत साउतमामा सिगारेट विझवतो, ढोलवाले कॉफीचे पेले बाकाखाली सरकवतात आणि आई कमरेला माग बांधून जोत्यावर बसते. पाहुण्यांना काय हवं असतं ते आम्हाला ठाऊक आहे. सरोवर, कोरीव घरं, गिटार, एखाद्या चित्रकाराच्या ओसरीवर तासभर. आणि आपणही इथले कुणीतरी आहोत असं क्षणभर वाटायला हवं असतं. शेवटचा भाग त्यासाठीच.

"(ढोल थांबले की.) आता तुमच्यापैकी एकाला आम्ही आमच्या कुळात घेणार!"

एका पाहुण्याला पुढे बोलवायचं. खांद्यावर उलोस, म्हणजे आमची विणलेली शाल, टाकायची. "आजपासून तू सिदाबुतार" असं म्हणायचं. कूळ द्यायचं, नाव द्यायचं नाही. हे माझ्या कागदावर लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. कूळ हजारोंचं असतं. नाव एकाचं असतं, आणि तो कुठेतरी असतो.

माझा थोरला भाऊ जोंगी सरोवरात आहे.

चार वर्षांपूर्वी वाऱ्याने दुपारची बोट उलटली. दहा जण गेले. तळ इतका खोल की शोधणाऱ्यांचे दोर संपले. खालचं पाणी थंड, त्यामुळे माणूस वर येत नाही. नऊ घरांनी रिकाम्या पेट्या पुरल्या, गावजेवण घातलं. आईने घातलं नाही. आमच्याकडे आईबापांना थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. बाजारात, चर्चमध्ये, धक्क्यावर तिला चार वर्षं एकच हाक: जोंगीची आई. ती ओ देते.

तेव्हापासून तिच्या मागावर एकच उलोस होता. आमच्या मागावर ताणा गोल फिरतो. विणून झालं की वर्तुळ कापायचं, मग दशा सुटतात आणि शाल होते. आईचा विणून झाला होता. तिने कापला नाही.

बुधवार.

सेनो आणि लारास दूरच्या सेमारांग शहरातून आले होते. तो घरांचे नकाशे काढणारा, ती शाळेत चित्रकला शिकवणारी. तीन दिवस आमच्याच घरी उतरणार होते. दोघंही इतकं हळू बोलायची की मामा म्हणाला, "तिउर्मा, यांना विचार, शेजारच्या खोलीत कोण झोपलंय?"

मी सेनोला पुढे बोलावलं. मामाने शाल उचलली.

आई उठली.

तिने माग सोडला, ते न कापलेलं कडं हातात घेतलं आणि पाच पायऱ्या चढून मंचावर आली. शाल खांद्यावर टाकतात. हे कडं होतं, ते डोक्यावरून घालावं लागलं. सेनोने नम्रपणे मान वाकवली.

"जोंगी," आई म्हणाली.

ढोलवाल्याची काठी खाली पडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामाने सावरून घेतलं. तो नेहमीच सावरून घेतो. "वा! म्हणजे मी तुझा मामा! मग माझ्या पोरीशी लग्न करायला हवंस, पहिला हक्क तुझा."

"माझं लग्न झालंय हो," सेनो लाजून म्हणाला.

"झालं तर झालं. सूनबाईंना कॉफी पाजून बोटीत बसवू!"

लारास सगळ्यांत जास्त हसली. मीही हसले. माझ्या कागदावर तिथे (हसायचं) लिहिलेलं असतं.

सेनो मंचावरून उतरला तेव्हा तिसरी पायरी ओलांडून उतरला. ती पायरी पूर्वी कुजलेली होती. जोंगी नेहमी तशीच ओलांडायचा. ती बदलून तीन वर्षं झाली. लांब पायांचा माणूस, मी स्वतःला म्हटलं. टांग मोठी पडली असेल.

गुरुवार.

सकाळी तो ओसरीवरून न येता मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. आईने मसाल्यात शिजवलेला मासा वाढला. त्याने माशाच्या गालाचा तुकडा बोटांनी काढला आणि आईच्या ताटलीत ठेवला, जोंगी ठेवायचा तसा.

"अहो, हे मासा खात नाहीत," लारास म्हणाली. "लहानपणापासून नाही. अंगावर गांधी उठतात." ती हसतच होती, पण त्याच्या हाताकडे बघत होती. हातावर काही उठलं नाही.

मग तो कोरीव घराचं चित्र काढत बसला. मी कॉफी द्यायला गेले. दर्शनी फळीवरची पाल त्याने खाली तोंड करून काढली होती. आमच्याकडे पाल वर तोंड करून चढते, गावातल्या प्रत्येक घरावर तशीच आहे. खाली तोंडाची एकच कोरली गेली होती. जोंगीने, सोळाव्या वर्षी, चुकून. कुणी बघायच्या आत मामाने ती चुलीत घातली. ते मामाला माहीत, आईला, मला.

"उलटी काढलीत," मी म्हटलं.

"मामा रागावेल," तो म्हणाला. आणि मोठ्याने हसला. आमच्यासारखा, पोटातून.

दुपारी लारासने मला खोलीत बोलावलं. उशी उचलून दाखवली. ओली होती. अभ्र्यात बारीक काळी वाळू. डिझेलचा आणि खूप दिवस बंद असलेल्या पाण्याचा वास.

"ते पोहायला गेले नव्हते," ती म्हणाली. "रात्रभर माझ्या शेजारी होते. सकाळी मला बाई म्हणाले. 'बाई, जरा सरकता का,' असं. आधी वाटलं थट्टा करतायत." तिने माझं मनगट धरलं. बोटं गार होती. "तुमच्या आईला सांगा ना, ते कडं परत घ्यायला. मी पाया पडते त्यांच्या. गळ्यातून काढू देत नाहीत मला."

दिलेला उलोस परत घेत नाहीत. हे तिला कसं सांगणार. मी म्हटलं, बघते.

आई जोत्यावर बसली होती. माग रिकामा. चार वर्षांत पहिल्यांदा रिकामा.

"आई, तो परका आहे. त्याची बायको रडतेय तिकडे."

"मीही रडले."

"तिने काय केलंय तुझं?"

"काही नाही." तिने मांडीवरचा धागा झटकला. "तू हाक मारलीस का त्याला?"

"नाही."

"मग अजून अर्धाच आलाय," आई म्हणाली. "म्हणून उशी भिजते."

मी तिथून उठले. आईला डॉक्टरकडे न्यायला हवं, हे मी ठरवलं. डॉक्टरचं नाव, वार, सगळं ठरवलं. आणि जिना चढताना माझ्या लक्षात आलं की मी ओठ मिटून चालते आहे. तोंडात काहीतरी धरून ठेवल्यासारखं.

शुक्रवार.

लारासने सामान पहाटेच बांधलं होतं. साडेदहाच्या बोटीने पाहुणे उतरतात, अकराला तीच बोट परत निघते. धक्क्यावर ती माझ्या कानाशी आली.

"तुमच्या आईंनी सांगितलं मला. मीच विचारलं. तुम्ही फक्त बोलू नका. एवढंच करा, ताई. बोट सुटेपर्यंत."

"नाही बोलणार," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

सेनोचा चेहरा घामेजला होता. फळीवर पाय ठेवण्याआधी तो माझ्याकडे वळला, आणि आवाज त्याचाच होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा.

"तुम्ही छान ठेवलंत आम्हाला. पण मला घरी जायचंय. बरं वाटत नाहीये मला. कोणीतरी माझ्या आतून माझ्याकडे बघतंय असं वाटतं."

मी मान हलवली.

तो चढला. फळी ओढली. इंजिन सुरू झालं. बोट आणि धक्का यांच्यात एक वीत पाणी.

तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. डाव्या अंगठ्याने त्याने मान खाजवली. कानामागे, खालून वर, दोनदा.

दोन विती.

चार वर्षं मी "माझा भाऊ" म्हणत होते. लोकांना सांगताना. फॉर्म भरताना. ज्या शब्दाने त्याला हाक मारायचे तो शब्द चार वर्षांत एकदाही तोंडातून बाहेर आला नव्हता.

तीन.

"दादा."

मोठ्याने नाही. इंजिनाच्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही.

तो वळला.

उडी मारली.

धक्क्यावर माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "किती बारीक झालीस गं तिउर्मा."

त्याचे केस कोरडे होते.

लारासचा आवाज पाण्यावरून बराच वेळ येत राहिला.

---

दुपारी ती पोलिसाला घेऊन परत आली. पोलीस पलीकडच्या गावचा. दादाबरोबर फुटबॉल खेळलेला. त्याने दादाला मिठी मारली, रडला, "कुठं होतास रे गाढवा" म्हणाला. लारासने फोनमधले फोटो काढून दिले. पोलिसाने एक एक फोटो लांबवर धरून पाहिला. मीही पाहिला. सेमारांगचं स्वयंपाकघर होतं, निळ्या फरश्या, ओट्याशी लारास. तिच्या खांद्यावर हात टाकून दादा उभा.

"बाई," पोलीस अगदी हळू म्हणाला, "तुमचं कुणी आहे का, ज्यांना मी फोन करू?"

तिने फोन उलटा करून स्वतः बघितला. मग बंद केला. ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. मी खाली बघितलं. दादाच्या बोटावर अंगठी नव्हती. अंगठीचा वळही नव्हता.

गावाने जेवण घातलं. चमत्कार म्हणाले, चर्चमध्ये गाणी झाली. आई ताटाशी बसून त्याला वाढत होती. मामा एका कडेला होता. चार घास खाऊन उठला. दादा त्याला "मामा" म्हणाला की तो "हं" म्हणतो. भाचा म्हणत नाही. कार्यक्रमातले विनोदही आता करत नाही, त्यामुळे माझ्या कागदावरचं (हसायचं) तसंच पडून राहतं.

तेराव्या दिवशी खोल पाण्यातल्या जाळ्यात हाडं आली. डॉक्टर म्हणाला, चार वर्षं तरी पाण्यात असावीत. बोटाच्या हाडात अंगठी होती. आत लारासचं नाव कोरलेलं, आणि लग्नाची तारीख.

दोन वर्षांपूर्वीची.

"कुणाचा तरी मुलगा," आई म्हणाली. आमच्या कुळाच्या जागेत पुरला त्याला. लारासने मूठभर माती टाकली आणि अंगठी घेऊन खिशात घातली.

ती गेली नाही. त्याच खोलीत राहते. भाड्याचं मी विचारत नाही, ती बोलत नाही. एक दिवस ती जोत्यावर आईशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मला शिकवा." मागावर बसायला आलेल्या बाईला आमच्याकडे उठवत नाहीत. आईने स्वतःच्या हाताने तिच्या कमरेला पट्टा बांधला.

लारासचा हात चांगला आहे. चित्रकलेचा हात. चार महिन्यांत तिने एक पूर्ण उलोस विणला, गडद निळा, तिच्या स्वयंपाकघराच्या फरश्यांसारखा. काल शेवटचा धागा ठोकला. मी सवयीने कात्री पुढे केली.

तिने घेतली नाही.

"राहू दे, ताई."

पाहुणे फोटो काढत होते. ती त्यांच्याकडे बघून गोड हसली, आणि ओठ फारसे न हलवता माझ्याशी बोलत राहिली. आता ती आमच्यासारखं मोठ्याने बोलू शकते. मुद्दाम हळू बोलत होती.

"मी सेनो म्हणून हाक मारते रोज. तुमच्या आई झोपल्या की. ते वळत नाहीत. पण थांबतात." ताण्यावरून तिने तळहात फिरवला. "माझी हाक पुरत नाही. बायकोची पुरत नसेल. त्यांना एक धाकटी बहीण आहे. तुमच्याएवढीच. शुक्रवारच्या बोटीने येतेय."

ती बहीण त्याला काय म्हणते, ते मी विचारलं नाही.

आज सकाळी दादाला म्हटलं, आपण मेदान शहरात जाऊ, आठवडाभर, तू आणि मी. उद्याच निघू. तो म्हणाला, "कशाला? आत्ता कुठे आलोय." मी हट्ट केला, रडले, त्याच्या शर्टाची बाही धरली. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. हात जरा ओला लागला. मी तो माझ्या बाहीला पुसला.

"(ढोल थांबले की.) आता तुमच्यापैकी एकाला..."

कार्यक्रम संपला. दादा खुर्च्या आवरून मंचावरून उतरायला लागला. पहिली पायरी. दुसरी.

जोत्यावर लारासचा माग थांबला.

तिसऱ्या पायरीवर त्याने अलगद पाय ठेवला, आणि उतरला.